बुधाजीची होडी आणि दोन आटे

पुण्याच्या कारखान्यातली खुर्ची रुचिताला दोन वर्षांहून अधिक मानवली नाही. आकडे टेबलावर आणि ते आकडे ज्या इंजिनाचे ते भिंतीपलीकडे, याने ती आतल्या आत घुसमटे. अखेर ती चौलला परतली आणि जीवनमामाच्या जागेत तिने गॅरेज टाकले. इंजिन सुरू असले की ती त्याभोवती फिरत राही. नळीवर हात ठेवी, उचली, पुन्हा ठेवी. "पोर गाडीला प्रदक्षिणा घालते," असे मामा चारचौघांत थट्टेने सांगे, पण तिच्या हातावर त्याचा भरवसा होता.

मे संपत आला की होड्या किनाऱ्यावर ओढून पावसाळ्यासाठी शाकारण्याची घाई उडते. पूर्वी वीस माणसे खांदा लावून होडी वर ओढत. आता ते काम मामाची जुनी डिझेल जीप करी. होड्या मात्र वर्षागणिक जड होत चालल्या होत्या. "रुचे, जोर वाढव," हे मामाचे पालुपद झाले. तिने इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोच्या दांडीवरचा नट एक आटा आवळला, जोडीला डिझेल वाढवले. जीप उसळली. मग तिने आणखी एक आटा आवळला.

तो दुसरा आटा तिला सलत होता. टर्बोबरोबर आलेल्या तक्त्यावर एकात एक वर्तुळे होती, समुद्रातल्या बेटांच्या नकाशासारखी. मधल्या बेटात टर्बो हवा नीट दाबतो; बाहेर जावे तसा दाबण्यापेक्षा तापवण्यातच त्याचा जीव जातो. दोन आट्यांवर मामाची जीप शेवटच्या वर्तुळाबाहेर पडत होती. रुचिताला हे दिसले होते. पण रस्त्यावर जीप छान पळाली, मामा खूश झाला, आणि ती गप्प राहिली.

उधाणाच्या दिवशी बुधाजीची नवी होडी भरतीबरोबर वर आली. पाणी उतरण्यापूर्वी ती उंचवट्यावर जायलाच हवी होती. पुढचे उधाण पंधरवड्याने. तोवर पावसाळी लाटांनी तिच्या फळ्या सुट्या केल्या असत्या.

दोर ताणला. जीपने काळा धूर ओकला, चाके वाळूत थरथरली, होडी हातभर सरकून थांबली. टर्बोतून फडफड ऐकू आली. रुचिताने तापमान मोजायचे यंत्र टर्बोतून निघणाऱ्या हवेच्या नळीवर धरले. एकशे ब्याऐंशी अंश; नेहमीपेक्षा कितीतरी जास्त.

"आणखी एक आटा दे गो!" मामा खिडकीतून ओरडला.

"न्हाय मामा. इंजिन बंद करा."

"बंद? पाणी उतरतंय, दिसत न्हाय तुला?"

"दिसतंय म्हणूनच. दोन्ही आटे सैल करते. डिझेलपण कमी."

माणसे हसली. आपल्या होडीची पाळी येण्याची वाट पाहणारा येसाजी म्हणाला, "जीवन, भाची तुझी जीप उपाशी मारते रं!"

पाणी सरत होते, वाळूवर ओली रेघ मागे राहत होती. रुचिता गुडघ्यांवर बसली; पान्हा दोनदा निसटला, बोटाला चटका बसला. मग मान वर न करता ती म्हणाली, "दुसरा आटा मी उगाच दिला. तापलेली हवा विरळ असते. तेवढ्याच जागेत कमी मावते, मग डिझेल जळत न्हाय, धूर होतो. अन् नट एवढा आवळला की तो धूर बाहेर पडायलाही अडतो. मला ठाऊक होतं. बोलले न्हाय."

दोन्ही आटे सैल झाल्यावर मामाने किल्ली फिरवली.

धूर विरळ झाला. होडी हलली, चार हात वर आली आणि पुन्हा थांबली. सगळ्यांच्या नजरा रुचितावर.

"हिचा जोर एवढाच," ती म्हणाली. "बुधाजीकाका, होडीचं मशीन उतरवा. जाळी पण काढा."

"अगो, मशीन बसवायला मला दिवस गेला!"

"मग पंधरा दिवस थांबा."

बुधाजी पुटपुटत होडीत चढला. नट सोडले, चौघांनी मशीन खांद्यावर घेतले, जाळी वाळूत पडली. पाणी आता होडीच्या मागे सरले होते. मामाने जीप हळूहळू पुढे काढली. दोर कुरकुरला, आणि होडी एका दमात उंचवट्यावर चढली.

येसाजी टाळ्या पिटत मामाकडे आला. "आता माझी. बुधाजीच्यापेक्षा दीडपट जड हाय. तुझ्या जीपला काय अवघड?"

मामाने रुचिताकडे पाहिले. तिने नकारार्थी मान हलवली.

"न्हाय ओढवायची ती माझ्या जीपला," मामा येसाजीला म्हणाला. साऱ्या गावात जीपच्या जोराची फुशारकी मारणाऱ्या त्या माणसाला हे शब्द जड गेले. "ट्रॅक्टर बोलव."