माझ्या आवाजाचा खरा रिपोर्ट

"गुलियन-बॅरे सिंड्रोम," रामदासपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. "तुमची प्रतिकारशक्ती तुमच्याच मज्जातंतूंवर उलटली आहे. बहुतेक लोक बरे होतात. वेळ मात्र फार लागतो."

तळपायाला मुंग्या येतात म्हणून मी स्वतः स्कूटर चालवत गेलो होतो. आठवडा संपायच्या आत हात उचलेना, मग श्वासही पुरेना. व्हेंटिलेटर लागला, ट्रॅकिओस्टॉमी झाली, म्हणजे श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली. ती निघाली तेव्हा माझ्याजवळ आवाज म्हणून नुसती फुसफुस उरली होती.

माझं बोलणं फक्त सुनंदाला, माझ्या बायकोला कळायचं. सिस्टर असो की डॉक्टर, दुभाषी तीच. मुलगी परदेशातून येऊन परत गेली होती. त्यामुळे सुनंदा दिवसरात्र माझ्या पलंगाजवळच्या बाकावर. तिचे पाय सुजले होते, बसल्या बसल्या डोळा लागायचा. मी सांगायचो, हिला घरी पाठवा, दुसरं कोणी बसवा. ही शहाणी सगळ्यांना सांगायची, "ते पाणी मागून राहिले." मला लिहिता येत नव्हतं. हे एक वाक्य तिच्याशिवाय कोणापर्यंत तरी पोचवायचं, एवढाच माझा ध्यास होता.

मी हॅम आहे. सरकारी परवाना घेऊन, हौसेखातर, स्वतःच्या वायरलेस सेटवरून बोलणाऱ्यांना हॅम म्हणतात. रोज सकाळी आम्ही नागपूरची मंडळी एका फ्रिक्वेन्सीवर जमतो आणि एकमेकांच्या आवाजाचा रिपोर्ट देतो. पहिला आकडा शब्द किती कळले त्याचा, पाचपैकी. दुसरा सिग्नल किती जोरदार त्याचा, नऊपैकी. पाच-नऊ म्हणजे उत्तम. आमच्यात भिडस्तपणा असा, की खरखरीशिवाय काही ऐकू आलं नाही तरी पाच-नऊ देऊन मोकळे होतात.

वॉर्डातल्या मशिनींपासून दूर, गच्चीवर बसून बोलायला डॉक्टरांनी परवानगी दिली. "फुप्फुसांना व्यायामच होईल," ते म्हणाले. माझ्या अंगठ्यात जोर नव्हता, म्हणून हातातल्या सेटचं बटण सुनंदा दाबायची. परवाना नसल्यानं तिला मात्र त्यावर बोलता येत नव्हतं. मी हरखलो. इथं ती दुभाषी होऊच शकत नव्हती.

पहिल्या सकाळी मी जीव तोडून ते वाक्य बोललो. सगळ्यांनी पाच-नऊ दिलं, "लवकर बरे व्हा" म्हटलं आणि पुढच्या गप्पा सुरू केल्या. सुनंदाकडे पाहिलं तर ती गालात हसत होती. मला संताप आला. सेट ठेवून दिला, आवाजाचे व्यायामही सोडले.

मग हुडकेश्वरहून विलासभाऊ आले, आमच्यातले सगळ्यात जुने हॅम.

"काहून बंद केलं गा?"

मी फुसफुसलो. सुनंदानं एवढं मात्र प्रामाणिकपणे सांगितलं, "ते म्हणतात, तुम्ही सारे खोटं बोलता."

"हो गा," विलासभाऊ म्हणाले. "तुले वाईट वाटन म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सेटवर बोललो आणि त्यांचा रिपोर्ट आला, दोन-नऊ. "तुझा सेट चांगला आहे. तुझं काही समजून नाही राहिलं. पुन्हा सांग." इतकं कोरडं ऐकून मला रडूच आलं, बरं वाटून. त्यानंतर ते रोज मला तेच वाक्य पुन्हापुन्हा म्हणायला लावत आणि बाकीचे सगळे मुकाट थांबत. स्पीच थेरपिस्टनं, म्हणजे आवाज कमवून घेणाऱ्या बाईंनी, शिकवलेला श्वास मी तिथंच गिरवला. मध्ये ताप आला, आवाज पुन्हा बसला. विलासभाऊंचा रिपोर्टही खाली उतरला.

एके दिवशी त्यांनी तीन दिलं आणि आमच्या रिवाजाप्रमाणे कळलेले शब्द परत वाचले. "सुनंदा... थकली... पुढं सांग."

बटण सुनंदाच्या अंगठ्याखाली होतं. सोडलं असतं तर माझा आवाज तिथंच तुटला असता. तिनं माझ्याकडे पाहिलं, डोळे भरून आले, पण बटण दाबून धरलं. मी म्हणालो, "तिला घरी पाठवा. तुमच्यातलं कोणी इथं येऊन बसा."

संध्याकाळी विलासभाऊ चादर-उशी घेऊन हजर. त्यानंतर मंडळींनी पाळ्याच लावून घेतल्या.

मी आता काठी घेऊन चालतो. आवाज घोगरा राहिला आहे, त्याचं दुःख नाही. तुमच्या घरी कोणी असं पडलं असेल, तर एवढंच सांगेन, त्याचं बोलणं कळलं नाही तर कळलं म्हणू नका. पुन्हा विचारा.

विलासभाऊ आले त्या संध्याकाळी घरी गेलेली सुनंदा दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली, न्हाऊन, धुतलेलं पातळ नेसून. मी विचारलं, इतके दिवस का गेली नाहीस?

"मले भेव वाटे," ती म्हणाली. "मी घरी गेली अन् तुम्ही काही बोलले, तर ते कोणाले समजन?"