सलामी झाली का?

वाकायचं, उजव्या हाताची बोटं फरशीला लावायची, मग कपाळाला, मग छातीला, आणि त्यानंतरच समोरच्या वस्तूला हात घालायचा. वस्तू कोणतीही असो. लिफ्टचं दार, जेवणाचा डबा, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही. आपण घाईत तसेच पुढे निघालो की मागून आवाज यायचा, "सलामी झाली का?"

नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीच्या रखवालदारांचा तो आवाज, आणि ही रीतही त्यांचीच. तुम्ही अशा इमारती पाहिल्या असतील. खाली झेरॉक्स, पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना, दुसऱ्यावर क्लास आणि तिसऱ्यावर एखादी आयटी कंपनी, म्हणजे अकरा माणसं आणि एक एसी. त्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही मोबाइलवरचे खेळ बनवायचो. मी यवतमाळहून आलेली, सदाशिव पेठेत एका खोलीत चौथी खाट मिळवून राहणारी टेस्टर. खेळ खेळून त्यातल्या चुका शोधायच्या आणि खेळ लोकांच्या हातात गेला की त्यांची मतं वाचून सरांना अहवाल द्यायचा, हे माझं काम. घरी सांगितलं होतं, मी कॉम्प्युटरमध्ये आहे. आईला तेवढं पुरत होतं.

रखवालदारांना सगळे पैलवान म्हणत. साठीला टेकलेले, पण मान अजून खांबासारखी, आणि दोन्ही कान चेपून पार भजी झालेले. मुळशीकडच्या खेड्यातून तरुणपणी ते पेठेतल्या एका तालमीत आले होते. त्यापुढचं ते बोलत नसत.

दुपारी पाण्याची बाटली भरायला ते वर यायचे आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे. त्या दिवसांत आम्ही परदेशी कुस्तीचे खेळ खेळून पाहत होतो, त्यांची नक्कल करायची म्हणून. आम्ही त्याला अभ्यास म्हणायचो.

"ताई, ह्यो का पडला?"

"त्याची ताकद संपली. वर हिरवी पट्टी होती ना, ती संपली."

"पट्टी संपली म्हणून हरला? पाठ कुठं लागली त्याची?"

"पाठ लागावी लागत नाही यात."

"आणि आता खुर्चीनं हाणतोय. चालतं?"

"चालतं. लोकांना तेच आवडतं."

पैलवानांनी बाटलीचं झाकण लावलं. "आपण येडे. जन्मभर खुर्चीवर नुसतं बसून राह्यलो."

मग एक दिवस सरांच्या मनात आलं की आपण अस्सल मातीतली कुस्ती काढायची. परदेशात पाठवायची, मातीचा वास वगैरे. आणि अस्सल माणूस तर खाली लिफ्टपाशीच बसलेला. सरांनी त्यांना वर बोलावलं. गच्चीवर गाद्या अंथरल्या, तीन कॅमेरे लावले आणि सलग चार दिवस पैलवानांनी उभ्या गादीला प्रतिस्पर्धी समजून डाव मारले. ढाक, कलाजंग, एकेरी पट, दुहेरी पट. दमले की पाण्याच्या टाकीला टेकून बसायचे आणि हसायचे. त्यांना इतकं खूश मी पुन्हा कधी पाहिलं नाही. आमच्या चित्रकाराने पडद्यावरच्या पैलवानाला त्यांचेच कान दिले.

त्यांनी मागितली एकच गोष्ट, आणि तीही सरांकडे नाही, माझ्याकडे.

"ताई, दोघं समोर आले की आधी सलामी. माती घ्यायची, कपाळाला लावायची, हात द्यायचा. तेवढ्या टायमाला कुणाला कुणाला हात लावता येता कामा नये. बटण दाबलं तरी न्हाय. तुम्ही चुका काढता ना? एवढं बघा."

मी म्हटलं, "बघते की. त्यात काय!"

"त्यातच हाय सगळं," ते म्हणाले, आणि टाकीला टेकून त्यांनी मला ते सांगितलं.

बावीस वर्षांचे होते. जत्रेतला फड, समोर नाव कमावलेला मल्ल. तो माती घ्यायला वाकला, अजून हातही दिला नव्हता, आणि यांनी त्याचा पट काढला, म्हणजे पाय धरून त्याला उचलून टाकला. पंच तेवढ्यात लोकांकडे बघत होते. माणूस मानेवर पडला. यांना फेटा बांधला, खांद्यावर घेऊन मिरवलं. त्या मल्लाचा उजवा हात पुढे कधी उचलला गेला नाही. तालमीत परत आल्यावर वस्ताद एवढंच म्हणाले, "उद्यापासून हौद्यात उतरायचं नाही." हौदा म्हणजे कुस्तीच्या मातीचा खड्डा. त्यानंतर वस्ताद असेपर्यंत हे रोज पहाटे तालमीच्या उंबऱ्याबाहेरून नमस्कार करून परत फिरत. वस्तादांनी शेवटपर्यंत आत बोलावलं नाही.

"म्हणून म्हणतो," ते म्हणाले, "निदान तुमच्या खेळात तरी ते कुणाला करता येऊ नये."

मी शब्द दिला. अगदी मनापासून दिला, हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून तुम्हाला ते पटणार नाही.

खेळ बाहेर पडला आणि पहिल्या आठवड्यातच मतांचा ढीग आला. "सुरुवातीला एवढा वेळ? ही कुस्ती आहे की मुंज?" हा अर्थातच पुणेकर. "लंगोटाऐवजी शॉर्ट्स द्या, घरचे हसतात." "गेम स्लो आहे यार, किक-पंच पण नाही मारता येत." "पट्टी दाखवा, कोण जिंकतंय कळत नाही." एका गृहस्थांनी माती फार तपकिरी असल्याची तक्रार केली होती. एक तारा, दोन तारे, एक तारा.

दुसऱ्या आठवड्यात तारे वाढले. कुणाला तरी शोध लागला होता: सलामी चालू असताना पटाचं बटण दोनदा पटापट दाबलं, तर डाव लागतो. समोरचा वाकलेलाच असतो. चितपट! बटणं त्या वेळी बंद असायला हवी होती. एकदा दाबून बंद असल्याची खात्री मी केली होती. दोनदा दाबून पाहिलं नव्हतं. चूक माझीच होती. मतं धो धो यायला लागली. "सलामी ट्रिक खतरनाक!" "बेस्ट मूव्ह एव्हर, मित्र रडला." "आता मजा आली. पण समोरचा बावळटासारखा वाकूनच राहतो, कॉम्प्युटरला पण शिकवा ना." पाच तारे, पाच तारे.

मी ती चूक नोंदवली. सर म्हणाले, "दुरुस्त करायची की ठेवायची, ते लोकांची मतं बघून ठरवू. तूच अहवाल कर." टीम लीडची जागा रिकामी होती आणि त्या जागेकडे माझा डोळा होता. लोकांना हवं ते काढून टाका असं सांगणाऱ्या टेस्टरला कोण लीड करणार? दुपारभर बसून मी लिहिलं: सलामीतला पट खेळणाऱ्यांना सर्वांत जास्त आवडतो, तो ठेवावा. शिवाय प्रतिस्पर्ध्यालाही तो शिकवावा, म्हणजे चुरस वाढेल. दुसरं वाक्य मला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं. हुशारी दाखवायची म्हणून लिहिलं. सरांनी त्याच वाक्याचं कौतुक केलं.

पैलवानांकडे साधा बटणांचा फोन, त्यामुळे त्यांनी खेळ पाहिलेला नव्हता. पण लिफ्टपाशी बसणाऱ्याला सगळं ऐकू येतं.

"ताई, सलामीचं कायतरी बोलत होते पोरं."

"हो. म्हणजे... ते वरून ठरलं, पैलवान."

"वरून म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून ना?" ते शांतपणे म्हणाले. "तिथं तर तुम्हीच बसता."

मला लाज वाटली. पण लाज वाटली की माणूस चांगलं वागतो, असं काही नसतं. मी जिन्याने जायला लागले. तीन मजले, रोज. व्यायाम होतो, असं सगळ्यांना सांगायचे.

महिन्याभरात मी लीड झाले. माझ्या हाताखाली माणसं घ्यायची होती आणि मुलाखतीला आलेले चौघेजण खाली थांबले होते. मी दारातून आत शिरले, तर ते पैलवानांच्या खुर्चीभोवती कोंडाळं करून उभे. एकाच्या हातात मोबाइल.

"काका, हे कान तुमचेच ना? खरंच तुम्ही आहात? भारी! ही ट्रिक बघा तुमची."

पैलवान चष्मा लावून पाहत होते. पडद्यावर त्यांच्या कानांचा, त्यांच्या मानेचा एक माणूस. समोरचा माती घ्यायला वाकला. त्यांच्याच पायांनी तो पुढे सरकला, त्यांच्याच हातांनी त्याने वाकलेल्याचा पट काढला. खाली पडताना मान कशी मुडपते, तेही आमच्या चित्रकाराने फार छान काढलं होतं.

"परत दाखवू?" मुलाने विचारलं.

"नको. झालं दाखवून," पैलवान म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला, खिशात ठेवला, आणि मग मी त्यांना दिसले. ते उठले. मला वाटलं, बोलतील. चारचौघांत काय वाट्टेल ते बोलतील आणि माझी सुटका होईल. त्यांनी माझ्यासाठी लिफ्टचं दार उघडलं. न वाकता. फरशीला बोटं न लावता, तसंच, कुणीही उघडतं तसं.

"जा ताई. उशीर होतोय तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी खुर्चीवर घडी घातलेला गणवेश होता. एजन्सीचा माणूस म्हणाला, गावाला गेले, नंबर बंद आहे. मी तालमीपर्यंत जाऊन आले. बाहेर जिमची पाटी लागली होती आणि आत यंत्रांखाली रबराच्या चटया होत्या. पैलवानांबद्दल विचारलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "कोण? मेंबर होते का?" एका सुट्टीच्या दिवशी मुळशीची एसटीही पकडली. पुणं सुटायच्या आतच, चांदणी चौकात उतरून परत आले. भेटून काय सांगणार होते?

आता ती कंपनी नाही. मी हिंजवडीला एका मोठ्या कंपनीत बँकांची कामं करते. तिथे कोणी वाकत नाही. खेळ ॲपच्या दुकानातून केव्हाच काढून टाकला, पण माझ्या जुन्या फोनमध्ये तो आहे. फोन मी चार्ज करून ठेवते.

अधूनमधून सुरू करते. मैदान, हलगी, समोर प्रतिस्पर्धी. माझा पैलवान त्या चेपलेल्या कानांनिशी पुढे येतो आणि सावकाश वाकतो. मी दोन्ही अंगठे पडद्यापासून लांब धरते. तो माती घेतो, कपाळाला लावतो. हात पुढे करणार, एवढ्यात समोरचा त्याचा पट काढतो.

आम्हीच शिकवलंय त्याला. तो एकदाही चुकत नाही.