यंत्राची खांदेमळणी

सेलूत स्टेशन रोडवर गेम खेळायचं एक दुकान आहे. दुकानदाराने जपानहून महाकाय यंत्रमानवांच्या लढाईचा गेम मागवला होता. यंदा त्याचा वाढीव भागही आला. अक्षरं सगळी जपानी, त्यामुळे आम्ही सगळेच अडाणी.

वालूरकडचे एक काका बाजाराच्या दिवशी यायचे. धोतर खोचून बसायचे आणि बटणं दाबताना जिभेने चक्‌चक् करत यंत्राला हाकायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. ते मला दर वेळी हरवायचे, त्याचाच राग होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र मी जिंकत होतो. एकच तडाखा बाकी होता. तेवढ्यात काकांनी खेळ थांबवला, पिशवीतून लोणी-हळदीची वाटी काढली आणि सरळ टीव्हीवर, आपल्या यंत्राच्या खांद्यांना चोळायला लागले.

"अहो, काय करताय?" दुकानदार ओरडला.

"खांदे मळायलोय. उद्या पोळा हाय ना." मग पडद्याला तोंड लावून ते पुटपुटले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

"काका, हे आमंत्रण बैलाला देतात. हे यंत्र आहे, तेही जपानचं!" मी वैतागलो.

"राबतंय ना माझ्यासाठी? घरचे बैल इकून टॅक्टर घेतला. मंग आता मळू कुणाचे?"

त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली. "तुमच्याचे बी मळा. लय राबलंय आज."

मी वाटीत बोटं बुडवली. थांबवलेला खेळ तसाच राहिला, त्या संध्याकाळी मी जिंकलो नाही. एकदा खांदे मळले की बैल औताला धरत नाहीत.