कांबळे बाई आणि कबड्डीचं तिरकं मैदान

आम्ही जिंकलेली फायनल कांबळे बाईंनी माझ्याच तोंडून घालवली.

बाई आज सकाळी गेल्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या उचगावात शाळांच्या कबड्डीची फायनल. समोर कागलची पोरं. मी आमच्या शाळेचा कॅप्टन. बाई आम्हाला भूमिती शिकवायच्या.

शेवटच्या चढाईत कागलचा पोरगा कोपऱ्यातून वळला आणि त्याचा पाय रेषेबाहेर पडला. आऊट!

आम्ही जिंकलो. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. गुलाल उडाला.

तेवढ्यात कागलचे सर ओरडले, "पंच, मैदान तिरकं हाय! त्यो कोपरा बघा, आत आलाय!"

आमचे खेळाचे सर तापले. "टेपनं मोजलंय. समोरासमोरच्या बाजू सारख्या हायत. आयत हाय की!"

खरंच मोजलं होतं. पांढरी फक्की मारताना टेपचं टोक मीच धरलं होतं.

गर्दी आत घुसली. कुणाची तरी कॉलर धरली गेली. एकानं कुंपणाची काठी उपसली.

पंच घाबरले. "अवो, भूमितीचं कोण हाय का शाळेत?"

बाई पुढं आल्या. वर्गातला मोठा लाकडी गुण्या मागवला. फक्कीच्या कोपऱ्यात टेकवला.

एक कड रेषेवर नीट बसली.

दुसरी रेषा गुण्याच्या कडेपासून बाहेर फाकत गेलेली.

मला दिसलं. बाईंनी मान वर केली.

"सुहास, इकडं ये. समोरासमोरच्या बाजू सारख्या. कोन हा असा. चौकोन कोणता?"

मागून आवाज आला, "सुहाश्या, गप बस हं."

खेळाचे सर जमिनीकडं बघत होते.

"बाई..."

"उत्तर पाहिजे. मोठ्यानं."



"काटकोन न्हाय, बाई. आयत न्हाय. समांतरभुज चौकोन हाय."

गुलाल लावलेलं सगळं गाव माझ्याकडं बघत होतं.

कुणीतरी ओरडलं, "बाई, तुम्ही उचगावच्या का कागलच्या?"

"उचगावचीच हाय. म्हणून तर आपली चूक आपण सांगायची. व्हा बाजूला, रेषा पुसू द्या."

काठी खाली आली.

बाईंनी उभं राहून दोन्ही कर्ण मोजून घेतले. ते सारखे येईपर्यंत खुंट्या हलवायला लावल्या. नवी फक्की पडली. सामना पुन्हा पहिल्यापासून.

हरलो.

कागलची पोरं कप नाचवत जीपमधून गेली. मी शाळेच्या पायरीवर रडत बसलो. बाई शेजारी येऊन बसल्या.

"राग आलाय माझा?"

"व्हय."

"येऊ दे."

बराच वेळ त्या पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

"तू आयत म्हणाला असतास, तर सगळ्या गावासमोर तुला खोटं ठरवावं लागलं असतं मला. त्याचीच भीती वाटत होती रे."

बाई, तुमच्या कॅप्टनचा शेवटचा जयभीम.