इसार परत करणारे दाजी

हातात पडलेला पैसा परत द्यायला उतावीळ झालेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असावा, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मी दाजी म्हणू लागलो, आणि पुढे नांदेडातली त्यांची निम्मी गल्लीही दाजीच म्हणायला लागली. दाजींचा फोटो स्टुडिओ होता आणि पोट लग्नांच्या कामावर चालायचं. लग्नाचं काम ठरलं की फोटोवाला थोडा इसार घेतो, वहीत तारीख लिहितो आणि पावती फाडतो. लग्न मोडलं तर इसार बुडाला असं समजायचं, ही त्या धंद्याची सर्वमान्य रीत. दाजींच्या पावतीच्या तळाशीसुद्धा लाल अक्षरांत ‘इसार परत मिळणार नाही’ असं छापलेलं होतं. ते कुणी वाचून दाखवलं की दाजी शांतपणे म्हणायचे, “ते छापखानावाल्याचं मत हाय. मला कुणी इच्यारलं न्हाई.”

बरं, परत द्यायचे तर फोनवरून पाठवून मोकळं व्हावं, तेही नाही. इसार परत द्यायला दाजी स्वतः जायचे. शनिवारी जायचे नाहीत, अमावास्येला जायचे नाहीत, दुपारी एक ते चार जायचे नाहीत, कारण दुःखाच्या घरी माणसं रात्री झोपलेली नसतात, दुपारी तरी त्यांचा डोळा लागू द्यावा. पाकीट पांढरं, कोरं. त्यावर गणपती किंवा कलश छापलेला असला तर ते बघूनच त्या आईबापाला लागेल, म्हणून कोऱ्या पाकिटांसाठी ते सगळा बाजार पालथा घालायचे. दारात उभं राहून बोलायचं वाक्यही ठरलेलं होतं. ‘लग्न मोडलं’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही, ‘तुमची तारीख मोकळी झाली’ असं म्हणायचं. ते वाक्य ते बसमध्ये पुटपुटत जायचे. एकदा धर्माबादला दोन हजार परत द्यायला गेले, शेवटची बस चुकली, लॉजवर राहिले, आणि दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर आमच्या अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हात जोडले. “दोन हजार द्यायला हजार घालून राहिले. उद्या लोकाईच्या घरी व्याज बी नेऊन द्या.” दाजींनी त्यावर खरोखरच थोडा विचार केला, असं अक्का सांगतात.

या उद्योगात त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली होती. त्यांच्या स्कूटरच्या पुढच्या बाजूला कॅमेऱ्याचं चित्र आणि स्टुडिओचं नाव रंगवलेलं होतं. नांदेडातल्याच एका घरचं ठरलेलं लग्न फिसकटलं होतं आणि त्या लोकांनी ते अजून कुणाला सांगितलं नव्हतं. दाजी स्कूटर घेऊन भर सकाळी त्यांच्या दारात. फोटोवाला आला म्हणून शेजारणी बाहेर आल्या, पाकीट देताना बघितलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला कळलं. मुलीची आई दाराआड रडली. दाजी त्या रात्री जेवले नाहीत. तेव्हापासून परतीच्या कामाला ते पायी जायचे, हातात भाजीची पिशवी घेऊन, गावाकडचा पाहुणा आल्यासारखे. लातूरला एकदा अशाच एका व्यापाऱ्याच्या घरी निघालेले असताना शेजारच्या बाईंनी त्यांना थांबवून मेथी कशी दिली असं विचारलं. आता मी कोण हे सांगायचं तर पुन्हा बोभाटा, म्हणून दाजींनी तिथंच बसकण मारून त्यांना दोन जुड्या विकल्या. घरी येऊन मला विचारतात, “गुरुजी, धाला दोन दिल्या. बाईला महाग तर न्हाई ना पडल्या?”

मी शाळामास्तर, त्यामुळे त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे असायची. पण त्यांचेच काही नियम माझ्या डोक्यावरून जायचे. घरात कुणी वारलं म्हणून लग्न रद्द झालं तर दाजी इसार तर द्यायचेच, शिवाय ती तारीख दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत. “ती तारीख सुतकात हाय,” म्हणायचे. त्या दिवशी शटर अर्धं ओढून आत बसायचे आणि मऊ फडक्यानं भिंगं पुसत राहायचे. ऐन हंगामात दारात आलेलं दुप्पट पैशांचं काम त्यांनी असं घालवलेलं मी पाहिलं आहे. अक्का वैतागून म्हणायच्या, “आपल्या घरचं कोण गेलं?” दाजी म्हणायचे, “त्यांच्या घरचं गेलं. म्या त्यांच्या घरात उभा ऱ्हाणार होतो की त्या दिशी.” मला याचं हसू यायचं. मी शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट रंगवून सांगायचो आणि सगळे पोट धरून हसायचे.

फोटो मात्र त्यांचे बघत राहावे असे. नवरानवरी त्यात असायचीच, पण दाजींची नजर कडेला असायची. मांडवाच्या खांबाला टेकून उभी असलेली आत्या, हार घालताना मागे वळून डोळे पुसणारा भाऊ, कुणीच बोलावलं नाही म्हणून खुर्चीवर एकटा बसलेला म्हातारा. “मधलं कुणीबी काढंल गुरुजी,” ते म्हणायचे. “लगीन कडेला असतंय.” अल्बम घरी गेला की लोक आधी स्वतःला शोधायचे, आणि दाजींच्या अल्बममध्ये कुणी सापडला नाही असं होत नसे.

म्हणून त्या दिवशी हदगावहून एक शेतकरी अल्बम काखेत मारून स्टुडिओत आला तेव्हा मला वाटलं, कौतुक करायला आला असेल. त्याच्या मुलीच्या लग्नाचं काम दाजींनी केलं होतं. त्यानं अल्बम काउंटरवर उघडला आणि अगदी सौम्यपणे म्हणाला, “दाजी, राग नका येऊ देऊ. पर समद्या फोटोत म्या अर्धाच हाय.” खरंच होतं ते. डाव्या कडेला उभा असलेला बाप प्रत्येक फोटोत अर्धा कापला गेला होता. कुठे एक खांदा, कुठे फेट्याचा तुरा आणि एक कान. मी आधी हसलो. मग दाजींकडे पाहिलं आणि हसू गिळलं. ते पानावर बोट फिरवत होते आणि त्यांना तो कान दिसत नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच त्यांना घेऊन गेलो. काचबिंदू निघाला. कडेची नजर गेली होती, ती परत येणार नव्हती. मधली होती तेवढी थेंब टाकून टिकवायची. दाजींनी एकच विचारलं, “काम करू का?” डॉक्टर म्हणाले, “सवयीचं काम आहे, करा की जपून. सोबतीला कुणी तरी ठेवा.” परत येताना दाजी बरेच खुशीत होते. म्हणाले, “एवढा एक हंगाम करतो. बाजूचं बगाया माणूस ठिवतो. शेवटचं लगीन आपल्या लेकीचं. ते झालं की शटर खाली.”

आपली लेक म्हणजे माझी मुलगी. दाजींना मूलबाळ नाही. बारशापासून दहावीच्या निकालापर्यंत तिचा एकही फोटो दुसऱ्या कुणी काढलेला नव्हता. तिचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मलाही इसार भरायला लावला होता. “नात्यात तर घ्यावाच लागतो. न्हाईतर तुमी तारीख बदलसाल,” असं म्हणून चक्क पावती फाडली होती. आणि त्या डॉक्टरनंतर आठ दिवसांत मी काय केलं, तर लातूरला गेलो. व्याही लातूरचे, लग्न तिकडच्याच कार्यालयात. तिथल्या एका तरुण फोटोवाल्याकडे मी गुपचूप इसार देऊन आलो. मला त्या हदगावच्या बापाचा कान दिसत होता. विहीणबाई अर्ध्या आल्या तर व्याही काय म्हणतील, या काळजीनं माझी झोप उडाली होती. दाजींना सांगायचं धैर्य मात्र झालं नाही. बायकोलाही बोललो नाही. सांगू, लग्न जवळ आलं की सांगू, असं म्हणत मी दिवस ढकलत राहिलो.

मग एका सकाळी दाजी माझ्या दारात आले. हातात कोऱ्या पाकिटांचा गठ्ठा. “गुरुजी, सुट्टी टाका. हंगामाच्या समद्या तारखा मोकळ्या करायच्या. डॉक्टरनं बंद करा म्हणलंय.” डॉक्टरनं तसं म्हटलं नव्हतं, मी तिथंच बसलेला होतो. पण खोटं कशाला सांगताहेत हे विचारायची मला भीती वाटली. मी त्यांना गाडीवर मागे बसवलं आणि निघालो.

सहा घरं होती. आयुष्यभर दाजींनी लोकांनी रद्द केलेल्या कामाचे पैसे परत केले होते, आता पहिल्यांदाच रद्द करणारे ते स्वतः होते. प्रत्येक दारापाशी ते थांबायचे, सदऱ्याची कॉलर सारखी करायचे, पुटपुटायचे. मला मनातून खात्री होती की एखादं तरी घर म्हणेल, राहू द्या हो दाजी, जसे येतील तसे येऊ द्या, तुम्हीच या. दाजींनाही ती आशा होती, कारण पाकीट काढायला ते उगीच वेळ लावायचे. पहिल्या घरच्या निवृत्त कारकुनानं नोटा मोजल्या आणि दुसरा कुणी चांगला असेल तर नंबर द्या म्हणाला. दाजींनी नंबर दिला. दुसऱ्या घरच्या बाईंनी चहा केला आणि म्हणाल्या, “बरं झालं लवकर सांगितलं. अजून दुसरा भेटंल.” धर्माबादच्या मिरचीच्या व्यापाऱ्यानं पाकीट न उघडताच गल्ल्यात टाकलं. सगळे चांगलेच वागले. कुणी वावगा शब्द बोललं नाही. सहाही घरांनी पैसे घेतले.

परतताना आम्ही धर्माबादच्या बसस्टँडबाहेर उसाचा रस प्यायला थांबलो. दाजी पेला हातात धरून म्हणाले, “एकबी न्हाई म्हणला न्हाई, गुरुजी.” मी म्हटलं, लोकांना कार्याची घाई असते, तुमच्यावर राग नाही कुणाचा. “राग कशाचा. म्या दुसरंच बोलून राहिलो. इतकी वर्सं म्या लोकाईच्या घरी गेलो. वाटायचं, पैसा परत भेटला की माणसाला जरा बरं वाटत असंल. आज कळलं, ज्याच्या हातात पाकीट टेकवलं, त्याची लगीन पुन्हा जुळायची आखरी आशाबी म्या घेऊन जात होतो.” मी म्हटलं, तसं नाही दाजी. ते म्हणाले, “तसंच हाय.” आणि रसाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

नांदेडला घरी पोचलो. बायको आणि मुलगी बाजारात गेल्या होत्या, घरात आम्ही दोघंच. दाजींनी खिशातून सातवं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. “ही आपली तारीख.” मी म्हटलं, “दाजी, हे काय? डॉक्टरनं तर जपून करा म्हटलंय. लेकीचं लग्न तुम्हीच करायचं.” हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. खोटं बोलताना माझा आवाज नेहमीसारखाच होता.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. आता त्यांना समोरचं माणूस पुरतं बघायला मान थोडी हलवावी लागायची. म्हणाले, “लातूरच्या पोराचा फोन आला होता मला. धंद्यात रीत हाय, दुसऱ्याच्या घरातलं काम आलं तर इच्यारायचं. घेऊ का म्हणला. म्या घे म्हणलं. हात चांगला हाय त्याचा, उजेडाची समज हाय.” मग म्हणाले, “मला सांगितलं असतं तर म्या न्हाई म्हणलो नसतो, गुरुजी. लेकीच्या लग्नात खोट नको ऱ्हायाला. पर घरच्यानीच दुसरा बगितला म्हणल्यावर, बाकीच्या लोकाईचे पैसे म्या कोणत्या तोंडानं ठिवून घ्यायचे?”

 माफ करा म्हणायला हवं होतं. ते पाकीट त्यांच्या खिशात परत कोंबायला हवं होतं. माझ्या मनात त्या क्षणी पहिल्यांदा जे आलं ते लाजिरवाणं आहे, पण लिहितो: मला सुटल्यासारखं वाटलं. मी पाकीट उचललं. दाजी उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि जिना उतरताना एकेक पायरी पायानं चाचपत खाली गेले.

लग्न छान झालं. फोटो उत्तम आले, व्याही खूश झाले. दाजींनी पाहुण्यासारखं पहिल्या रांगेत बसून दोन्ही हातांनी अक्षता टाकल्या. स्टुडिओच्या जागेत आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. दाजी दुपारी घराच्या ओट्यावर बसतात, कुणी आलं की आवाजावरून ओळखतात, सगळ्यांशी हसून बोलतात, माझ्याशी जरा जास्तच. त्या दिवसाबद्दल आमच्यात पुन्हा एक शब्द झालेला नाही आणि त्यांनी घरात कुणाला काही सांगितलेलं नाही. अक्का अजून त्या डोळ्यांच्या डॉक्टरला बोल लावतात. चालतंबोलतं माणूस त्यानं घरी बसवलं, म्हणतात, एक हंगाम करू दिला असता तर काय बिघडलं असतं त्याचं. मी त्यांच्या समोर बसलेला असतो. “खरं आहे अक्का,” म्हणतो, आणि त्यांनी पुढे केलेला चहा घेतो.