पाठकोरा कागद

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर मला डब्यातला लाडूसुद्धा लपवता येत नाही.

तसा मी लपवणारा माणूस नाही हो. इथं जर्सी सिटीत मंडळाच्या गणपतीला नाटकाचा पडदा अडकला, की लोक ओरडतात, दत्ताला माईक द्या! मग मी माझ्याच फजित्या सांगतो. बँकेची ती गाडीत बसून पैसे काढायची खिडकी असते ना — मी तिथं पायी रांगेत उभा राहिलो होतो, दोन गाड्यांच्या मधी. मागच्यानं हॉर्न दिला, तर मीही तोंडानं दिला. चार वर्षं हेच सांगतोय, चार वर्षं लोक हसतायत. सातवी नापास माणूस अमेरिकेत आला की त्याला गोष्टींचा काय तोटा? पण ही एक गोष्ट माईकवर कशी सांगणार? हिच्यात हसायची जागाच सापडत नाही. शोधली नाही असं नाही. लई शोधली.

कुठून सुरू करू?

रद्दीपासून करतो. बार्शीत माझं रद्दीचं दुकान होतं. पाठकोरा कागद माहितीय ना? एका बाजूला लिहिलेला, पाठीमागं कोरा. त्याला रद्दीत जास्त भाव — पोरं त्याच्या रफ वह्या शिवतात, शिंपी मापं लिहितो. गठ्ठ्यातून पाठकोरे वेगळे काढायचे तर एकेक कागद उलटत बसायला वेळ कुणाला असतो? मी नुसता अंगठा फिरवायचो. मागून टाइप केलेलं असलं, पेन दाबून लिहिलेलं असलं, तर पुढच्या बाजूला बारीक उंचवटे लागतात. लागले नाहीत, तर पाठकोरा. डोळे मिटून शंभर कागद वेगळे करून दाखवायचो, चहाच्या पैजेवर. एकदाही हरलो नाही. आयुष्यात तेवढी एकच विद्या मला आली.

मग इथल्या बहिणीनं माझा अमेरिकेत यायचा अर्ज भरला होता, तो तेरा वर्षांनी लागला, आणि मी चव्वेचाळिसाव्या वर्षी बायकोला घेऊन इकडं आलो. ताईचे मालक — आमचे भाऊजी — इंजिनियर. नोकरीचा फॉर्म त्यांनीच भरला. "इंग्रजी वाचता येतं का" ह्याच्यापुढं त्यांनी खूण केली. मी म्हणलं, "अहो भाऊजी, मला एबीसीडी येते, पण तिचे शब्द होत नाहीत." ते म्हणाले, "दत्ता, आयुष्यभर त्या हॉटेलात कांदे सोलायचेत का?" मी खाली सही केली. पण ती खूण त्यांची. पुढचं सगळं माझं.

नोकरी होती हायवेच्या कडेला एका गोदामात. कंपन्यांचे, दवाखान्यांचे जुने कागद खोक्यांतून यायचे. टाचण्या काढायच्या, कागद मशीनखाली ठेवायचा, फोटो घ्यायचा. उलटा करायचा, मागचाही घ्यायचा. मागं कोरं असेल तर फोटो नको, नुसतं एक बटण दाबायचं — मागं कोरं आहे. मात्र आधी उलटून बघायचं. ग्लोरिया म्हणून आमची सुपरवायझर होती, तिनं पहिल्याच दिवशी तीनदा सांगितलं. बोट डोळ्याकडं नेऊन — लूक, डॅटा, लूक.

मी मान डोलावली. मान डोलवायला मला कुठल्याही भाषेत येतं.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात ती खोकी आली. युरोपातल्या कुठल्याशा बँकेची, लढाईच्या काळातली, इथल्या शाखेच्या तळघरात पडून ओल लागलेली. हिरवी-काळी बुरशी. तोंडाला मास्क, हातात पातळ हातमोजे. मला भाषा कळत नव्हती — इंग्रजी नव्हती एवढं कळलं, कारण अक्षरांवर टिंबं होती. माझ्या शेजारच्या टेबलावर लुईस बसायचा. त्यानं सांगितलं, की त्या देशात तेव्हा ज्यू लोकांना घरातली एकूण एक वस्तू ह्या फॉर्मवर लिहून द्यायला लावली. स्वतःच्या हातानं, सही करून. आणि मग ह्याच यादीवरून बँकेनं सगळं उचलून नेलं. मी म्हणलं, "आमच्या बार्शीच्या घराचा फॉर्म अर्ध्या पानात संपला असता." लुईस हसला नाही. माझ्या जोकवर न हसणारा तो पहिला माणूस. त्या खोक्यांतला एकेक कागद तो उलटायचा, उजेडात धरायचा, मग ठेवायचा. मी त्याला कासव म्हणायचो.

आणि मी? मी हातमोज्याचा अंगठा कात्रीनं कापला.

कळलं ना, कशासाठी?

लुईसचं एक खोकं व्हायचं तोवर माझी तीन व्हायची. अंगठा फिरव, पाठकोरा, बटण दाब. अंगठा फिरव, बटण दाब. ग्लोरियानं सगळ्यांपुढं माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, केक कापला. माझ्या नावाचा कप दिला, त्याच्यावर धावणाऱ्या माणसाचं चित्र. मी घरी येऊन सुनंदाला तो कप दाखवला, तिनं बार्शीला फोन करून सांगितलं. आमच्या घराण्यात आजवर कुणाच्याही नावाचा कप नव्हता.

एक गोष्ट माझ्या टाळक्यात आली नाही. दाबून लिहिलेलं अंगठ्याला लागतं. पण जाड कागदावर हलक्या हातानं, शिसपेन्सिलीनं लिहिलेलं — ते कसं लागणार?

मी हे फिरवून फिरवून सांगतोय. मला कळतंय. येतो मुद्द्यावर.

ऑक्टोबरात एक दिवस ग्लोरियानं मला ऑफिसात बोलावलं. तिथं त्या खोक्यांचं काम आम्हाला देणाऱ्या वकिलांच्या फर्ममधली एक तरुण वकीलबाई होती आणि तिच्याबरोबर एक म्हातारी. हॅना तिचं नाव. सत्तरी उलटलेली, एवढीशी, नीट इस्त्रीचा कोट, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. त्यांच्यापुढं एका फॉर्मचा छापलेला फोटो. मी घेतलेला. तिच्या आईचा फॉर्म.

वकीलबाई तिला यादी वाचून दाखवत होती, इंग्रजीत करून, सावकाश, म्हणून मलाही कळत होतं. शिवणयंत्र एक. भिंतीवरचं घड्याळ एक. लहान मुलाचा पलंग एक. चांदीचे चमचे अकरा. तिथं म्हातारी एकदम हसली. म्हणाली, "बारावा माझ्याकडं आहे. आईनं माझ्या पिशवीत घातला होता." ती नऊ वर्षांची असताना आईनं तिला एकटीला आगगाडीत बसवून इंग्लंडला पाठवून दिलेलं. धाकटा भाऊ एमिल, चार वर्षांचा. तो फार लहान, म्हणून त्याला आईनं जवळ ठेवला.

आईचं काय झालं ते हॅनाला माहीत होतं. कुठल्यातरी यादीत नाव सापडलं होतं. एमिलचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

वकीलबाईनं मग मुद्दा काढला. दुसऱ्या काही फॉर्मांच्या पाठीमागं बँकेच्या कारकुनानं पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं सापडलं होतं — घराची किल्ली कुणी आणून दिली, घरातली माणसं कुठं गेली, पोर कुणाच्या ताब्यात दिलं, कुठला पत्ता. असं पाठीमागं लिहिलेलं लुईसच्या खोक्यांत बरंच होतं. माझ्या खोक्यांत — एकही नव्हतं.

हॅनानं माझ्याकडं बघितलं. तिला पैसे-बिसे नको होते, हे वकीलबाईनं आधीच सांगितलं होतं. तिला एवढंच पाहिजे होतं, की एमिल कुणाच्या दारात सोडला.

मूळ कागद मागं रॅकवर होता. तीसेक पावलांवर. पण बुरशीच्या खोक्यांना प्लॅस्टिक चढवलेलं, ते फोडायचं तर वरची परवानगी, कागदपत्रं, दोन दिवस. आणि तपासणी संपली, वकिलांची सही झाली, की फोटो आहेतच म्हणून ती बुरशीची खोकी कापून टाकायची, असं ठरलेलं. म्हणून ग्लोरियानं आधी मला विचारलं. साधं विचारलं. "डॅटा, तू मागची बाजू बघितली होतीस?"

एका शब्दाचं काम होतं. 'नाही' म्हणायचं. किंवा 'आठवत नाही' — तेवढंही पुरलं असतं, त्यांनी खोकं फोडलं असतं.

मी म्हणलं, "येस. ब्लँक. हंड्रेड परसेंट."

आणि वर हसलो. मी घाबरलो की हसतो. लोकांना वाटतं, काय मजेशीर माणूस आहे.

म्हातारी उठली. माझा हात तिनं दोन्ही हातांत घेतला — तिचे हात गार होते — आणि म्हणाली, "थँक यू. तुम्ही बघितलंत तरी. कुणी बघत नाही." मग वकीलबाईनं तिच्या कोटाची वरची गुंडी लावली आणि दोघी गेल्या.

इथंच थांबलो असतो, तर कदाचित तुम्ही म्हणाला असता, अडाणी माणूस, गडबडला, तोंडातून निघून गेलं. पण थांबलो नाही ना.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी रॅकपाशी गेलो. नंबर मला वाचता येतात. खोकं काढलं, प्लॅस्टिक एका बाजूनं सोडवलं, तो कागद शोधला. चमचे अकरा. उलटा केला. कोराच दिसला. खरं सांगतो, हायसं वाटलं. मग दिव्याखाली तिरका धरला.

तीन ओळी होत्या.

फिकट, बारीक, एका बाजूला कललेलं अक्षर. मी बघत राहिलो. शब्द जुळवायला गेलो — जुळेनात. ती भाषाही माझी नाही आणि ते अक्षर जुनं, वळणदार, त्यातलं एम कुठलं आणि एन कुठलं हेसुद्धा मला उमजेना. एमिलचं नाव त्यात होतं का? असेल. नसेल. समजा तिथं कुणी शिकलेला माणूस उभा असता, तर त्यानं एका दमात वाचलं असतं. पण तिथं मी उभा होतो.

खिशात पेन होतं. कळत नसेना का, चित्र काढल्यासारखं उतरवून घेता आलं असतं. हातावर घेता आलं असतं. नाही घेतलं. लिहून घेतलं असतं तर ते कुणाला तरी दाखवावं लागलं असतं, आणि दाखवलं असतं तर विचारलं असतं — मग सकाळी ब्लँक का म्हणालास? आणि बाकीच्या खोक्यांचं काय? माझ्या हातून बेचाळीस खोकी गेली होती. बेचाळीस. प्रत्येकात किती घरं, किती एमिल, कुणाला ठाऊक. कप गेला असता, नोकरी गेली असती, सुनंदानं बार्शीला परत फोन केला असता. हे कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा डोक्यात काय होतं, ते सांगतोय. एवढंच होतं.

कागद ठेवला. प्लॅस्टिक होतं तसं चिकटवलं. त्या कामात माझा हात चांगला.

त्यानंतर खोकं अकरा दिवस रॅकवर होतं. रोज सकाळी त्याच्यासमोरून जायचो. रोज वाटायचं, आज सांगू. ग्लोरियाच्या दारापर्यंत जायचोही — आणि तिथं गेलं की एखादा जोक सांगून परत यायचो. ती हसायची. अकरा दिवसांत मी तिला किती हसवलं असेल!

बाराव्या दिवशी वकिलांची सही झाल्याचं कळलं आणि कागद कापायचा ट्रक आला. खोकी ढकलत न्यायला ट्रॉलीवर कोण? मीच. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी पुढं झालो. का झालो? अजून कळलेलं नाही. असं वाटलं असेल, की वाटेत हिंमत येईल. ट्रॉलीचं एक चाक करकरत होतं. मी हळूहळू ढकलली, लुईसच्या चालीनं. ट्रक आला, हिंमत आली नाही. खोकं वर गेलं, मशीन घरघरलं, दोन मिनिटांत संपलं. खोकी माझ्यासमोर कापली म्हणून साक्षीदाराची सही लागते. ती मी केली. इंग्रजीत मला तेवढंच नीट लिहिता येतं, माझं नाव.

पुढं काही झालं नाही. हेच तर आहे — काहीच झालं नाही. मला कुणी पकडलं नाही. वर्षभरात पगार वाढला. लुईसला मंदपणामुळं काढलं, आणि त्या दिवशी त्यानं माझ्याशी हात मिळवला, तेव्हाही मी बोललो नाही. ग्लोरियाच्या टेबलावर पडलेल्या वकिलांच्या पाकिटावर हॅनाचा पत्ता होता, तो मी पाठ केला. आकडे, रस्ता, सगळं. रस्त्याचं नाव ताईच्या पोरीकडून वाचून घेतलं, कशासाठी ते तिला सांगितलं नाही. सुट्टीच्या दिवशी दोनदा बसनं गेलो. विटांची इमारत, खाली फुलांचं दुकान. बेलच्या पाट्यांवर तिचं नाव शोधलं, सापडलं. बेल दाबली नाही. दाबून सांगणार काय होतो? 'आजी, तुमच्या भावाचं मागं लिहिलेलं होतं, मी बघितलं, पण मला वाचता आलं नाही आणि आता ते नाही'? हे ऐकून तिनं काय करायचं?

दोन हजार सातच्या हिवाळ्यात ती गेली. वकीलबाई दुसऱ्या कामाला आली होती, तिनं ग्लोरियाला सांगितलं, मी शेजारी उभा होतो. म्हणाली, शेवटपर्यंत विचारत होती म्हातारी, इकडंतिकडं पत्रं लिहीत होती. पण त्या फॉर्मबद्दल तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. तो बघून झाला होता ना. माझ्या शब्दावर तिनं ते एक दार बंद केलं होतं.

म्हणजे त्या तीन ओळी लिहिणारा कारकून केव्हाचा मेला असेल, आई मेली, बहीण मेली, कागद कापला गेला. त्या ओळी ज्यानं बघितल्या, असा जगात आता एकच माणूस उरलाय, आणि तो मी. रात्रंदिवस त्या डोळ्यांपुढं आहेत असंही नाही. खरं सांगायचं तर पुसट होत चालल्यात. पहिल्या ओळीत चौदा हा आकडा होता, तेवढा पक्का आठवतो. घराचा नंबर असेल, तारीख असेल. दुसरी ओळ आखूड होती. तिसरीच्या शेवटी सहीसारखं काहीतरी होतं.

बाकीचं मला वाचता आलं नाही.