टाकावरचा चंद्र

नव्वदच्या दशकात आम्ही वेगळे निघालो. मळा आणि फुलशेती थोरल्या दिरांकडे राहिली, आम्ही अंबडला कारखान्याजवळ दोन खोल्या घेतल्या. भांडीकुंडी वाटून झाली, देव मात्र वाटत नाहीत. चांदीच्या लहानशा पत्र्यावर उठवलेले मूळ टाक थोरल्याकडे राहतात आणि धाकट्याने तसेच नवे घडवून घ्यायचे, अशी आमच्याकडची रीत.

मला सातवा महिना लागला होता. यांच्या कंपनीत माणसं कमी करायची बोलणी चालली होती. अशा दिवसांत पोर जन्माला घालतोय खरं, पण त्याला देणार काय, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता. सासूबाई येऊन राहिल्या असत्या तर धीर आला असता. पण त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "जिथं आपले देव नाय, तिथं मी कशी राहू?"

सराफ बाजारातला कारागीर म्हणाला, तयार ठसा आहे, लगेच काढून देतो. मला ते पटेना. दुकानातली देवी कुणाचीही असते, मला आमची हवी होती. नमुन्याला जुना टाक मागितला, तर जाऊबाई ठाम. "देव उंबऱ्याबाहेर जायचे नाय." त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं.

शाळेत माझी चित्रकला चांगली होती. त्यांच्याच देवघरासमोर बसून मी देवीच्या टाकावर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिल घासली, लहानपणी नाण्यांवर घासायचो तशी. वर्षानुवर्षं रांगोळीने घासून देवीचं नाक झिजलं होतं, डोळे जवळजवळ पुसले गेले होते. डाव्या खांद्याच्या वर मात्र एक पांढरा गोल उमटला. हा चंद्र असणार, असं मी स्वतःच ठरवलं. घरी आल्यावर नाकडोळे नीट काढले आणि चंद्र तर फारच ठसठशीत काढला. कारागिराने त्याबरहुकूम देवी उठवून दिली. मी अगदी फुशारले होते.

जुन्या-नव्या टाकांची भेट घालायला मळ्यावरच्या घरी सासूबाईंच्या पुढ्यात ताम्हण ठेवलं. मोतीबिंदूमुळे त्या देव अंगठ्यानेच ओळखायच्या. नव्या देवीवरून अंगठा फिरवत त्या म्हणाल्या, "नाक लय टोकदार हाय. ही कोण?" अंगठा खांद्याच्या वर गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं.

"हे काय काढलंस गं?"

"चंद्र. जुन्यावर आहे तोच."

त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अगं, चंद्र कुठला! नवी नवरी होते तव्हा देवी माझ्या हातून दगडावर पडली. पोचा हाय त्यो! सासूला मरेपर्यंत कळू दिलं नाय. आन् तू त्याचा डोंगर केलास!"

जाऊबाईंचं तोंड उघडंच राहिलं. मला रडावं की हसावं कळेना. सगळं वाया गेलं असंच वाटलं.

सासूबाईंनी डोळे पुसले. मग नवी देवी आधी जुनीला टेकवली, नंतर आपल्या कपाळाला. "आपलीच हाय. दुसऱ्या कुणाच्या देवीला माझा पोचा कसा असंल? माझी पेटी काढा रं." त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.

त्या आल्या आणि शेवटपर्यंत राहिल्या. मुलगी झाली. पुढे दोन हजारनंतर कंपनीला कुलूप लागलं, तेव्हा आम्ही मळ्यातली फुलं आणून विकली. त्यातही निभावलं.

परवा थोरल्या दिरांचा धाकटा मुलगा वेगळा निघाला. त्यांचा जुना टाक आता अगदीच सपाट झालाय, म्हणून जाऊबाई नमुना मागायला आमच्याकडे आल्या. माझ्या मुलीने देव्हाऱ्यातली देवी काढून सरळ त्यांच्या हातावर ठेवली. जाऊबाई दारातून वळून म्हणाल्या, "चांदासकट घडवायला सांगते हां!"